क्लेटनच्या केकवरचं नाव

१

झाकण उघडलं आणि केकवर काय लिहिलेलं, सांगू? ‘हॅपी बर्थडे, डिअर सेप्पो.’ लाल-निळ्या क्रीमने, मोठ्ठ्या अक्षरांत, आणि शेजारी एक बदाम काढलेला. अरे थांबा, आत्ताच हसू नका, अजून तुम्हाला कळलेलंच नाहीये. चहा घ्या आणि ऐका. मधे कोणी बोललं तर मी परत पहिल्यापासून सुरू करीन.

आमच्या कतारच्या ऑफिसातला क्लेटन माहितीये ना? प्रोजेक्ट डायरेक्टर. अमेरिकन, तिकडच्या जॉर्जिया राज्याचा. लिफ्टमध्ये शिरला की बाकीच्यांनी जिन्याने जायचं, एवढा मोठा. आणि मीटिंगमध्ये तोंड उघडलं की कळतं, सगळा मोठेपणा अंगातच गेलाय, डोक्यापर्यंत काही पोचलेलं नाही. तर त्याचा वाढदिवस. कॉन्फरन्स रूममध्ये फुगे, क्लायंटकडची चार माणसं, आम्ही सगळे भिंतीला चिकटून. आणि मधोमध कोण? दत्तोपंत सर! आमचे अॅडमिन मॅनेजर. नवीन शर्ट, केसांना तेल. क्लेटन शिंकायच्या आधी टिश्यू घेऊन उभा राहणारा माणूस हा. केकचं झाकणसुद्धा दुसऱ्या कोणाला उघडू दिलं नाही. मला म्हणाले, “हर्षल, तू फोटो काढ. मी सरांच्या उजव्या बाजूला. नीट काढ हं.”

झाकण उघडलं. क्लेटनने वाचलं. आणि हसला! खरंच हसला, मी फोटो काढलाय त्याचा. आम्ही पण टाळ्या वाजवल्या.

मग क्लायंटकडचा तो सुफियान आहे ना, इंजिनियर, मेलबर्नला शिकलेला, तो फुसकन हसला. हसू थांबेचना त्याचं. क्लेटनने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, “तुम्हाला याचा अर्थ माहिती आहे ना?”

नव्हता माहिती. सुफियानने सांगितला. ऑस्ट्रेलियन लोक अमेरिकनांना ‘यँक’ म्हणतात. यँकला जुळतं ‘टँक’. कुठला टँक? सेप्टिक टँक. त्याचं लाडाने झालं सेप्पो.

संडासाची टाकी, रे! क्लायंटसमोर, बदाम काढून, डिअर संडासाची टाकी!

क्लेटनने सुरी खाली ठेवली. केक कापलाच नाही. कोणाकडेही न बघता केबिनमध्ये गेला आणि दार आपटलं. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत दत्तोपंत सरांनी गुन्हेगार शोधूनसुद्धा काढला होता.

“धनाजीने केलंय,” ते म्हणाले.

२

धनाजीदादा म्हणजे क्लेटनचा ड्रायव्हर. सांगलीकडचा. बायको-मुलं गावी. रोज दोहा ते मेसईदची साइट, मेसईद ते दोहा, आणि तोंडातून अक्षर नाही.

दत्तोपंत सरांची केस ऐकायला मात्र एकदम पक्की होती. केक अल मन्सूरा भागातल्या बेकरीतून आणला कोणी? धनाजीने. ऑर्डर गेली कुठून? आपल्या पँट्रीतल्या फोनवरून, आणि पँट्रीत दिवसभर बसतं कोण? धनाजी. सेप्पो हा शब्द क्लेटनला म्हणतं कोण? ब्रेट, आमचा ऑस्ट्रेलियन सेफ्टी मॅनेजर. म्हणतो कुठे? गाडीत. गाडीत तिसरा कोण? धनाजी. आणि राग कशाचा? धनाजीदादाच्या पोरीचा साखरपुडा आहे, त्याने सुट्टी मागितली होती, आणि क्लेटनने गेल्याच आठवड्यात ‘नो’ म्हणून सांगितलं.

झालं. उद्या दुपारी व्हिसा कॅन्सलचा कागद, सही, आणि विमान. आणि डाग लागून गावी गेलेल्या ड्रायव्हरला परत गल्फमध्ये कोण घेणार?

मी पँट्रीत गेलो तर संजू आधीच तिथे. संजीवनी रे, आमची प्लॅनिंग इंजिनियर. तुम्ही भेटलाय तिला, ती जी तुमच्या प्रत्येक वाक्यावर भुवई उडवते. समोर धनाजीदादा, हातात चहा, गार झालेला.

“दादा, सेप्पोचा अर्थ माहिती होता तुम्हाला?”

“न्हाई ओ ताई. त्यो ब्रेट म्हनायचा, आन् हे हसायचं. मी रस्त्याकडं बगत असतो. हितं क्यामेरे हायती जागोजाग.”

“आणि फोन?”

“म्या कशाला फोन करू बेकरीला? मला सांगितलं आन म्हनून, मी आनला. डबा उघडून बी बगितला न्हाई.” मग हळूच म्हणाला, “पोरीला काय सांगू? बाप संडासाच्या नावापायी घरी आला म्हनून?”

संजूने भुवई उडवली नाही. पहिल्यांदा. मला म्हणाली, “हऱ्या, उठ.”

“कुठे?”

“त्या ऑस्ट्रेलियन दीडशहाण्याकडे. आणि एक लक्षात ठेव, बेकरीला फोन करणारा हिंदी बोलणारा निघाला तर तुझंही नाव येतंय यात.”

च्यायला! माझं?

३

ब्रेट पाय टेबलावर टाकून बसलेला. सेफ्टी मॅनेजर! खुर्ची दोन पायांवर.

“मी नाही,” तो आधीच म्हणाला. “वर्षभर त्याला तोंडावर म्हणतोय. सीलाइन बीचवरच्या बार्बेक्यूला सगळ्या ऑफिससमोर ओरडलो, ‘ओय सेप्पो!’ आणि त्याने हात वर केला. मी सांगितलं होतं, सेप्पो म्हणजे दोस्त. विश्वास बसला! इतका सुंदर जोक मी केकवर लिहून फुकट का घालवीन? उद्यापासून तो मला हाक पण मारू देणार नाही.”

संजू मला बाहेर येऊन म्हणाली, “नीच आहे, पण खरं बोलतोय. ज्याची मजा चालू होती तो ती बंद कशाला पाडेल?”

“मग त्याच्या त्या सेप्पोचा राग क्लेटन त्याच्यावर का काढत नाही?”

“कारण ब्रेटला क्लायंटने आणलाय. ब्रेटला हात लावता येत नाही, म्हणून ड्रायव्हर.”

बार्बेक्यू मलाही आठवत होता. ब्रेट ओरडला तेव्हा सगळे होतो आम्ही. मी तंदुरीवर तुटून पडलेलो, दत्तोपंत सर धुरापासून लांब कणीस घेऊन बसलेले, रिसेप्शनवरची रोवेना सेल्फी काढत होती. म्हणजे शब्द सगळ्यांनीच ऐकला होता! धनाजीदादा एकटा कुठे?

“पण अपमान करायचा होता तर सेप्पोच का?” संजू जिना उतरता उतरता बोलत होती, मी मागे धावत. “यांना नावं काय कमी आहेत? मेक्सिकोवाले ग्रिंगो म्हणतात. आधी स्पेनमध्ये कोणाचं बोलणं कळलं नाही की ते म्हणायचे ‘हा ग्रीक बोलतोय’, त्यातून ते आलं म्हणतात. अंकल सॅम म्हणजे सैन्याला मांस पुरवणारा कोणी सॅम विल्सन होता, त्याच्या पिंपांवर यूएस लिहिलेलं असायचं, असं सांगतात. आणि यँकी! ते बहुतेक डच लोकांच्या नावांवरून पडलं, नक्की कोणालाच माहिती नाही. इंग्रज सोजिरांनी चिडवायला वापरलं आणि या लोकांनी त्याचंच गाणं करून मिरवलं. शिवी मेडलसारखी लावणारे लोक हे.”

“मग यँकीच लिहिलं असतं ना!”

ती थांबली. पायरीवरच. “काय म्हणालास?”

“यँकी. तबिश फोरमन एकदा ‘यँकी सर’ म्हणाला होता, आठवतं? क्लेटनने सगळ्यांना उन्हात उभं करून लेक्चर दिलं. की यँकी म्हणजे उत्तरेचे, तो दक्षिणेचा, त्याच्या आजोबाला कोणी यँकी म्हटलं असतं तर त्याने बंदूक काढली असती.”

“ऑफिसमध्ये सगळ्यांना माहिती आहे हे?”

“सगळ्यांना. उन्हात उभे होतो ना!”

संजूने माझ्याकडे असं बघितलं जसं मी पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोललो. “म्हणजे ज्याला त्याला जाळायचं होतं, त्याच्याकडे काडी तयार होती. आणि त्याने ती सोडून दिली.”

४

रिसेप्शनवर रोवेना. फिलिपिनो. केक नेहमी तीच मागवते, म्हणून तिचं नाव पण होतं डोक्यात.

“मी सकाळी बेकरीला फोन केला,” ती म्हणाली, “तर ते म्हणाले, तुमच्या ऑफिसमधून ऑर्डर आलीये. मला वाटलं, बरं झालं, काम वाचलं. मी केली असती तर ‘सर क्लेटन’ लिहिलं असतं. नेहमी तेच लिहिते.”

“तुमच्याकडे अमेरिकनांना काय म्हणतात?” संजूने विचारलं.

“कानो. अमेरिकानोचं शेपूट. त्यात काही राग नाही, नुसतं नाव. राग आला की आम्ही काही म्हणत नाही, उत्तर द्यायचंच बंद करतो.”

तेवढ्यात मागून दत्तोपंत सर आले. “काय चाललंय? अगं संजीवनी, धनाजीने कबूल केलंय जवळजवळ.”

“जवळजवळ म्हणजे?”

“गप्प बसलाय. गप्प बसणं म्हणजे कबुलीच.” मग आवाज खाली आणला. “सरांना किती लागलंय माहितीये? मी पाणी नेऊन दिलं, घेतलं नाही. माझ्या हातचं घेतलं नाही!” आणि हा माणूस खरंच रडकुंडीला आला, रे. आमच्या पगारवाढीच्या वेळी डोळ्यांत टिपूस नसतं.

संजू पँट्रीत शिरली. केक तिथेच पडलेला, अख्खा, बदामासकट. कोणी हात लावला नव्हता. मी म्हटलं वाया कशाला घालवायचा, आणि बदामाकडचा तुकडा कापून तोंडात टाकला. संजूने पण बोटभर घेतला. चावला. परत चावला.

“हऱ्या, कसा लागतोय?”

“कोरडा.”

“एगलेस आहे.”

“मग?”

“क्लेटन सकाळी काय खातो?”

“चार अंड्यांचं ऑम्लेट. सगळ्या मजल्याला वास येतो.”

“मग त्याच्या केकमधून अंडं कोणी काढलं?” ती म्हणाली, आणि पर्स उचलली. “यल्ला, चल. अल मन्सूरा.”

५

बेकरीच्या काउंटरवर जैतून नावाची बाई, हैदराबादची. मालकीण म्हणा, कॅशियर म्हणा, सगळं तीच. आम्हाला बघून म्हणाली, “फिर से केक?”

संजूने विचारलं, ऑर्डर कोणी दिली.

“आदमी था. हिंदी बोल रहा था. नंबर आप के ऑफिस का, वही लँडलाइन.”

झालं ना! हिंदी बोलणारा पुरुष. रोवेना सुटली, ब्रेट सुटला. राहिलो धनाजीदादा आणि मी आणि अजून पाच-सहा जण. संजू माझ्याकडे बघून गोड हसली. नालायक.

“और क्या बोला?”

“एगलेस बोला, दो बार बोला. मैं बोली, एगलेस का साइज बड़ा नहीं है, तो बोला छोटा चलेगा मगर एगलेस. फिर बोला, फूल नाम के ऊपर मत डालो, फोटो में नाम साफ आना. और दिल बनाओ बाजू में. मैं पूछी, बच्चे का बर्थडे है क्या? हँसने लगा.”

“गुस्से में था?”

“गुस्सा? अरे बहोत खुश था! जैसे अपने बेटे का केक मंगा रहा.”

शुक्रन म्हणून बाहेर पडलो. मेट्रोत संजूच्या शेजारी बसलो. मी आपला चालूच, की धनाजीदादाला नाटक करता येत असेल तर, आवाज बदलला असेल तर. मुशेरीब स्टेशनला गाडी बदलताना ती एकदम म्हणाली, “तुझ्या वाढदिवसाच्या केकवर घरचे काय लिहितात?”

“हे काय आता?”

“सांग.”

हसायचं नाही हं कोणी. मी सांगितलं. “पिट्टू.”

“हर्षल नाही?”

“हर्षल कशाला लिहितील? ते शाळेतलं नाव. घरच्या केकवर घरचंच नाव असतं ना. तुझ्या?”

“छकुली,” ती म्हणाली, आणि चेहरा असा की मी हसलो तर रुळावर ढकलेल. “आपण गाढव आहोत, हऱ्या. दुपारपासून क्लेटनचा दुश्मन शोधतोय.”

“मग कोण शोधायचा?”

गाडी आली, ती चढली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉन्फरन्स रूम. फुगे तसेच, अर्धे सुकलेले. टेबलावर धनाजीदादाचा कागद. दत्तोपंत सरांनी पेन पण टोपण काढून ठेवलेलं. ब्रेट मजा बघायला आलेला. धनाजीदादा दाराशी, इस्त्रीचा शर्ट घालून. शेवटच्या दिवशी पण इस्त्री, रे.

संजू आधी केबिनमध्ये जाऊन क्लेटनशी बोलली होती. काय बोलली ते नंतर कळलं. म्हणाली होती, “मला एक मिनिट द्या आणि मी सांगते तेवढं बोला. चुकले तर साक्षीदार म्हणून त्या कागदावर मी सही करते.”

क्लेटन आत आला. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. आणि पाठ केल्यासारखं म्हणाला: “मी विचार केला. मला तो केक आवडला. मी हेड ऑफिसला फोटो पाठवला, ते खूष आहेत. ही कल्पना कोणाची होती, मला त्याच्याशी हात मिळवायचाय.”

मी धनाजीदादाकडे बघितलं. संजूने त्याला मराठीत सांगितलं काय म्हणतायत ते. नोकरी वाचवायची असेल तर हो म्हणायचं, एवढंच होतं! तो म्हणाला, “म्या न्हाई केलं, ताई. कसं हो म्हनू?”

आणि डावीकडून एक हात वर गेला.

“सर,” दत्तोपंत सर म्हणाले, डोळे पाण्याने भरलेले, “सर, इट वॉज मी.”

अरे, ब्रेट खुर्चीवरून पडला. खरोखर पडला. सेफ्टी मॅनेजर!

दत्तोपंत सरांचा हात वरच. आधी क्लेटनकडे बघितलं, मग संजूकडे, मग त्या कागदाकडे. तेव्हा कुठे त्यांना कळलं आपण काय करून बसलो ते.

“यात दुश्मन नव्हताच कोणी, सर,” संजू क्लेटनला म्हणाली. “तुम्हाला डिवचायचं असतं तर यँकी लिहिलं असतं, तुम्हीच उन्हात शिकवलंय आम्हाला. यांनी मुद्दाम ते नाव निवडलं ज्यावर तुम्ही हसता. यांना फोटो हवा होता, झाकण स्वतः उघडायचं होतं, तुमच्या उजवीकडे उभं राहायचं होतं. शिवी देणारा फोटोत उभा राहतो का? आणि यांना त्यातला पहिला तुकडा खायचा होता, म्हणून एगलेस. धनाजी सगळं खातो, हर्षल तर पडलेलं पण खातो. इथे अंडं न खाणारे आणि तुमच्याशेजारी उभे राहणारे एकच.”

“पण ते नाव का?” क्लेटन ओरडला.

“कारण आमच्या घरी केकवर लाडाचं नाव लिहितात. बार्बेक्यूला ब्रेट ‘सेप्पो’ ओरडला, तुम्ही हात वर केलात. यांना वाटलं, हेच तुमचं घरचं नाव. घरच्या नावाने हाक मारली की आपण घरचे झालो! पँट्रीतून चोरून फोन केला, कारण सरप्राइज. सुफियान हसला तेव्हा यांना अर्थ कळला. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत यांनी दुसऱ्याचा संसार पुढे केला.”

“मला तसं नव्हतं करायचं,” दत्तोपंत सर पुटपुटले. “सर पाणी पण घेईनात...”

आता तुम्हाला वाटेल यांना हाकललं. छे! क्लेटन दोन क्षण लाल झाला. मग त्या रडक्या तोंडाकडे बघत बसला, आणि त्याचा चेहरा मऊ पडत गेला. एवढं प्रेम! त्याच्या सख्ख्या भावाने केलं नसेल. त्याने चक्क दत्तोपंत सरांच्या खांद्यावर हात ठेवला. “यू गाईज,” म्हणाला. मला उलटी आली असती, पण केक कालच पचला होता.

“आणि धनाजी?” संजू म्हणाली.

“हां, हां, खलास, फाडा तो कागद.”

“आणि सुट्टी. साखरपुड्याची.”

क्लेटनने तिथल्या तिथे सही केली. सॉरी? नाही. सॉरीबिरी काही नाही. पण आता त्याचा मूड आला होता, सगळ्यांनी त्याच्यावर प्रेम करावं असं वाटत होतं. धनाजीदादाकडे वळून हसत म्हणाला, “चल, सांग आता. तुम्ही ड्रायव्हर लोक मला पाठीमागे काय म्हणता? सांग, मी रागावणार नाही. काहीतरी नाव असेलच!”

संजूने विचारलं धनाजीदादाला. तो लाजला.

“आवो, आमी नावं पाडतो की. दत्तोपंत सायबांचं हाय एक. ह्या ब्रेटचं बी हाय, लई वंगाळ हाय.” दत्तोपंत सरांचे कान ताठ झाले. “पर ह्यांचं न्हाई पाडलं.”

“का?”

“ह्यांचा विषयच निगत न्हाई, ताई. गाडी लावली की खलास. मग आमी गावाकडचं बोलत बसतो.”

संजूने एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. सावकाश. एकही गाळला नाही.

क्लेटन अजून हसतच होता, म्हणजे हसू तोंडावर राहून गेलेलं. “नथिंग? नॉट वन?” त्याने विचारलं.

धनाजीदादाने मान हलवली, सुट्टीचा कागद खिशात घातला आणि गाडी काढायला खाली गेला.